पहिलीची वही कोरी दिसली तर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पहिलीतल्या मुलाची वही हाती घ्या आणि एक पान नीट बघा. वर ‘कमळ’ लिहिलेलं असतं, खाली दहा ओळी. पहिली ओळ फळ्यावरून उतरवलेली, म्हणून ती बरी असते. दुसरी ओळ पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. सातव्या-आठव्या ओळीत ‘कमळ’चं ‘कमठ’ होतं आणि दहाव्या ओळीत जे उतरतं त्याला काही नाव नाही. जरा हुशार पोट्टं असेल तर ते वेगळीच युक्ती करतं. आधी वरून खाली दहा ‘क’, मग शेजारी दहा ‘म’, मग दहा ‘ळ’. पान भरतं, लाल शाईची खूण मिळते, घरी दाखवायची सोय होते. ‘कमळ’ हा शब्द मात्र त्याने एकदाही लिहिलेला नसतो.

आपल्या वृत्तपत्रात पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येत नाही अशा बातम्या अधूनमधून येतात, त्यावर पत्रंही येतात. त्यातल्या बहुतेकांचा रोख एकच, ‘शाळेत काही लिहूनच घेत नाहीत.’ पालक संध्याकाळी विचारतात तेही हेच, आणि शाळाभेटीला आलेले साहेबसुद्धा पहिल्यांदा वहीच मागतात. पहिलीपुरतं बोलायचं तर दिवाळीपर्यंत वही ही सगळ्यात शेवटी बघायची वस्तू आहे. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत पहिलीचा दिवस कसा जातो आणि कसा जायला हवा, हे त्यासाठीच सविस्तर लिहीत आहोत.

पानं भरून घेण्याची पद्धत कोणी पुस्तकात वाचून आणलेली नाही, ती हिशेबातून आली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साठपर्यंत पटाला दोन शिक्षक आहेत. गावात पहिली ते चौथी मिळून पंचवीस-तीस मुलं, म्हणजे दोन शिक्षक आणि प्रत्येकाकडे दोन वर्ग. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. दोन वर्गांत वाटले की पहिलीच्या वाट्याला शिक्षकाचे दोन तास उरतात. उरलेल्या दोन तासांत दुसरीला वजाबाकी समजावताना पहिलीचं काय करायचं? ‘हे दहा वेळा लिहा.’ उतरवणं हे शिकवणं नाही, पहिलीला गप्प बसवण्याची सोय आहे. हे आम्हा शिक्षकांनीच मोकळेपणाने कबूल करायला हवं, नाहीतर पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस काय यावं ते स्पष्ट आहे. चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली छोटी वाक्यं वाचता यावीत. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, साधी बेरीज-वजाबाकी यावी. किती पानं भरावीत याचा त्यात उल्लेख नाही.

वेळही कमी असतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी किंवा जुलै लागताना उघडतात. पहिलीच्या सुरुवातीला खेळातून तयारी करून घेणारा ‘विद्याप्रवेश’ बारा आठवड्यांचा, म्हणजे सप्टेंबर तिथेच संपला. पुढे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, आणि आईसोबत वावरात जाणारी मुलं. मार्चपासून सकाळची शाळा. शिवाय प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण झाली की चालतं, त्यामुळे शाळा उघडते तेव्हा काही मुलं साडेपाचचीच असतात. या वयात सहा महिन्यांचा फरक मोठा असतो. साडेपाचच्या मुलाला पेन्सिल धरता आली नाही तर ते मठ्ठ नाही, लहान आहे.

आता दिवस. साडेदहाला परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. चौथीला ठीक आहे. पहिलीची मुलं दहा मिनिटांनंतर एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागतात आणि वीस मिनिटांत समोरच्याच्या शर्टाशी खेळायला लागतात. राष्ट्रगीत झालं की पहिलीला सावलीत खाली बसवावं. वर्गात आल्यावर पहिली वीस मिनिटं नुसत्या बोलण्याला द्यायची. पण ‘काल काय केलं?’ असं मोघम विचारलं तर सगळे गप्प. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल समोर ठेवला तर शिंगं, झूल, चाकं, दोरी, घंटी असे शब्द थांबत नाहीत. एक बैल चार दिवस पुरतो.

मग आवाजांचा खेळ, पंधरा मिनिटं, पाटी-पुस्तक काही नाही. ‘का-पू-स’, टाळ्या किती? तीन. पहिला आवाज कोणता? ‘का’ने सुरू होणारं दुसरं काय? काकडी, कावळा, काडी. शेवटचा आवाज काढून टाकला तर काय उरतं? ‘कापू’, आणि सगळे हसतात. शब्द हा तुकड्यांचा बनतो हे कानाला कळल्याशिवाय डोळ्यांना अक्षर दाखवून उपयोग नसतो. ज्या मुलांना ऑक्टोबरमध्ये सगळी अक्षरं ‘येतात’ पण एक शब्द जुळत नाही, त्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते.

अक्षरं ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत छत्तीस ओळीने शिकवली की ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्यावरही दिवस जातात. त्यांनी सुरू होणारा एक शब्द मराठीत नाही. त्याऐवजी ग, म, भ, न, मग र, स, आणि लगेच काना. सहा अक्षरं आणि एक काना एवढ्यावर नाग, मामा, नाना, मासा, भारा, रान, गार, सागर, नगर वाचता येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल स्वतः शब्द वाचतं, आणि तो चेहरा बघितला की छत्तिसाचा आग्रह धरावासा वाटत नाही. जोडून वाचताना मुलं ‘न... ग... र...’ असं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणून थांबतात आणि मग पुस्तकातल्या चित्राकडे बघून अंदाज करतात. बोट अक्षराखालून न उचलता सरकवायचं आणि आवाज न तोडता म्हणायचं. चित्र हाताने झाकायचं.

चुका कुठे होतात हेही ठरलेलं असतं. भ आणि म, घ आणि ध यांच्यात घोटाळा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण मात्र फार थोडे लोक बघतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेघ सलग नसते, मध्ये तुटते. ‘म’ आणि ‘घ’ची सलग असते. मुलाला आधी वरची रेघ सरळ ओढून मग खाली अक्षरं टांगायची सवय लागली की ‘धन’चं ‘घन’ होणारच. म्हणून अक्षर आधी, रेघ शेवटी. दुसरा घोटाळा ‘ख’चा. खाली जोड राहिला नाही की तो ‘रव’ होतो, आणि मूल तो प्रामाणिकपणे ‘रव’च वाचतं. तिसरा ‘ल’ आणि ‘श’चा. पुस्तकातलं रूप वेगळं, आणि मोबाइलवरून छापून आणलेल्या कागदावरचं बरेचदा वेगळं. पहिलीच्या भिंतीवर काही लावायचं तर पुस्तकातल्या रूपाचंच लावा.

वेलांटीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. ‘दिवा’ म्हणताना कानावर आधी ‘द’ येतो, पण हाताला आधी वेलांटी काढावी लागते. मूल ऐकलं त्या क्रमाने ‘द’ लिहितं, मग वेलांटी काढतं, आणि ती जाऊन ‘व’ला चिकटते. वाचून दाखव म्हटलं तर ते ‘दिवा’च वाचतं, कारण त्याच्या मते त्याने बरोबरच लिहिलं आहे. त्यामुळे बाराखडीच्या क्रमाने पहिली वेलांटी आधी न घेता काना झाल्यावर दुसरी घ्यावी. ती अक्षरानंतर येते, कानाला ऐकू येतं त्याच क्रमाने हात जातो. शिवाय ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडले तर मराठीत शब्दाच्या शेवटी दुसरीच वेलांटी असते, त्यामुळे पाटी, माती, काडी, नदी, भाजी असे शब्द भरपूर मिळतात. पहिली घ्यायची वेळ आली की आधी अक्षर, डावीकडे बोटभर जागा सोडून, आणि मग मागे येऊन वेलांटी, असं महिनाभर चालू द्यावं. सुलेखनाचे जाणकार नाक मुरडतील. मुरडू द्या.

चित्रतक्त्यांबद्दल तर तक्रारच आहे. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावर ‘क’ला कलिंगड असतं. आपल्याकडची मुलं त्याला टरबूज म्हणतात. ‘प’ला पेरू, मूल म्हणतं जाम. ‘ब’ला बटाटा, मूल म्हणतं आलू. ‘ट’ला टोमॅटो, काही गावांत ते भेदरं असतं. चित्र ओळखून पहिला आवाज सांगायचा हा तक्त्याचा सगळा उद्देश, आणि इथे चित्र बरोबर ओळखणारं मूलच अक्षर चुकतं. ‘अ’च्या अननसाबद्दल काय बोलावं! त्याऐवजी पुठ्ठ्यावर स्केचपेनने आपला तक्ता करायला एक दुपार लागते. क कापसाचा, प पळसाचा, ब बंडीचा, ट टरबुजाचा, स संत्र्याचा, म मोहाचा, अ अस्वलाचा. जे मुलाने पाहिलं आहे आणि ज्याला ते त्याच नावाने ओळखतं, तेवढंच घ्यायचं.

बोलीचा प्रश्न याहून खोल आहे. वऱ्हाडीत डोळा ‘डोया’ होतो, सकाळी ‘सकायी’, पाणी ‘पानी’. ‘ळ’ आणि ‘ण’ घरी कानावरच पडत नाहीत. श्रुतलेखनात ‘बाण’ सांगितला आणि मुलाने ‘बान’ लिहिला तर त्याने जे ऐकलं ते अचूक लिहिलं आहे. त्यावर फुली मारली तर कानावरचा विश्वास जातो. ‘आपण घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात’ एवढं रोज सांगावं, आणि ‘ळ’-‘ण’ शेवटच्या गटात ठेवावेत. तांड्यावरची मुलं गोरमाटी बोलतात. मेळघाटात कोरकू, केळापूर-झरीकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी-कोलामी द्राविडी. या मुलांसाठी पहिल्या दिवशीची मराठी ही परकी भाषाच असते. निदान पहिले सहा-आठ आठवडे त्यांच्याशी लेखी काही करू नये. वस्तू दाखवून दोन्ही नावं, गाणी, सूचना पाळण्याचे खेळ. आणि गावातली एखादी ताई किंवा चौथीतली मुलगी दुभाषी म्हणून वर्गात बसवावी.

लिहायला लागणारा हात वहीत तयार होत नाही. ओली माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, सुतळीत मणी ओवणं, चिमटीने चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकणं यातून होतो. कापसातून सरकी वेगळी काढायला दिली तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं लागतं तसं दुसऱ्या कशात लागत नाही. ताटात बारीक वाळूचा पातळ थर पसरून त्यात बोटाने अक्षर काढावं. पुसायला ताट हलवलं की झालं. त्यानंतर पाटी. पाटीवरची पेन्सिल अख्खी देऊ नका, मोडून अर्धी द्या. लांब पेन्सिल मुलं मुठीत धरतात, आखूड तुकडा मुठीत धरून लिहिताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो. वही दिवाळीनंतर, तीही ठळक दुरेघी, आणि दिवसाला चार-पाच शब्द. ते शब्द ऐकून लिहिलेले हवेत, बघून नव्हे.

हे सगळं जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकायला हवं. आई-वडील वावरात लवकर निघतात, मूल कधी नुसत्या चहावर येतं आणि साडेअकरालाच पेंगायला लागतं. अशा मुलाच्या दप्तरात भाकरीचा तुकडा असला तरी वाचनात फरक दिसतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. खिचडी पोटभर झाली की डोळे जड होतात. दुपारी नवं अक्षर शिकवू नये. गाणी, चित्रं, मैदान, आणि मोजणी.

मोजणीत तोंड बोटाच्या पुढे पळतं. सतरा चिंचोके समोर ठेवले तर मूल बोट एकावर ठेवून दोन आकडे म्हणतं आणि विसाला पोचतं. मोजलेला चिंचोका उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला लावलं की चूक निम्मी होते. ‘मग किती झाले?’ विचारल्यावर जे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं, त्याला संख्या अजून कळलेली नाही, फक्त क्रम पाठ आहे. दहाच्या जुड्या करायला झाडूच्या काड्या बोटाएवढ्या कापाव्यात आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून रबर करावं, बाजारचं रबर आठवड्यात तुटतं. चार मुलांच्या एका गटाला दहा जुड्या आणि वीस सुट्या काड्या पुरतात.

अंकांच्या नावांत मराठीने मुलांची परीक्षाच घेतली आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये त्याला एक आणि तीस ऐकू येतं, ते ३१ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असंही वाचन दिलं तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. वर्गात मात्र भांडणाचं कारण नाही. दोन जुड्या आणि पाच सुट्या हातात धरून ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं दोन्ही म्हणायचं. एकोणतीसला तीन जुड्या ठेवून त्यातली एक काडी काढून घ्यायची. आकड्यांच्या आकारातही ३ आणि ६ हे आरशातल्यासारखे उलटे होतात. आणि मोबाइलवर इंग्रजी आकडे आधीच बघितलेल्या मुलाला आपला १ त्यांच्या नऊसारखा दिसतो. तो गोंधळ खरा आहे, हट्ट नाही.

आता दुसरीला शिकवताना पहिलीने काय करावं, या मूळ अडचणीकडे. अक्षरकार्डांतून शब्द लावणं, काड्यांच्या जुड्या करणं, वाळूचं ताट, जोडीने चित्रांची गोष्ट सांगणं, चौथीच्या मुलाकडून पुस्तक ऐकणं. चार कोपऱ्यांत चार कामं आणि पंधरा मिनिटांनी कोपरा बदलायचा. वर्गात आवाज होतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, मास्तर नाहीत वाटतं वर्गात.

प्रशासनाकडे मागणं एवढंच, की शाळा भरल्यापासूनची पहिली शंभर मिनिटं पहिलीच्या शिक्षकाला माहिती भरणं, फोटो पाठवणं, तातडीचा तक्ता, यातलं काहीही मागू नये. ते काम तीननंतर मागा, रोज मिळेल. आणि भेटीला आल्यावर वही बाजूला ठेवून फळ्यावर शिकलेल्या अक्षरांचा, पण पुस्तकात नसलेला एक शब्द लिहा. ‘भारा’ वाचला तर मूल वाचतंय. तीन शब्द ऐकून पाटीवर लिहायला सांगा. जुड्यांतून ३४ दाखवायला सांगा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

पालकांना हे घरीही करता येतं, पेन्सिलसुद्धा लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवरचं नाव, एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फलक, यातली ओळखीची अक्षरं शोधायला लावा. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा पानांचा अभ्यास आम्ही देणार नाही. मूल आजीजवळ बसून वाती वळत असेल तर त्याला तिथून उठवू नका, आणि वळलेल्या वातींच्या दहा-दहाच्या जुड्या मात्र त्याच्याकडूनच करून घ्या.

आपल्या,
पहिलीचे वर्ग सांभाळणाऱ्या काही शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ